टोपी आणि पागोटे : भारतातील बालवीरांच्या गणवेशाचा इतिहास

'युनिफॉर्म' या इंग्रजी शब्दाला मराठीने 'गणवेश' हा पर्याय दिला. दोन्ही शब्द एकाच वस्तूचा निर्देश करीत असले, तरी त्यांच्यामागील कल्पना वेगळ्या आहेत. 'युनिफॉर्म' या शब्दात एकरूपतेचा आग्रह आहे. सर्वांनी सारखे दिसावे ही त्याची अपेक्षा. 'गणवेश' या शब्दात भर आहे तो गणावर. आपण कोणत्या समूहाचे आहोत हे वेषातून कळावे, एवढेच त्यात अभिप्रेत आहे. भारतात बालवीर चळवळ रुजली त्या चार दशकांत, म्हणजे १९०९ ते १९५० या काळात, या दोन कल्पनांमधील ताण प्रत्यक्ष कपड्यांच्या रूपाने प्रकट झाला. खाकी सदरा, अर्धी विजार, गळ्यातील त्रिकोणी रुमाल आणि हातातील काठी यांविषयी फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो डोक्यावर काय असावे, याविषयी. प्रस्तुत निबंधात या गणवेशाची घडण, त्याचे भारतातील रूपांतर आणि त्याला आलेला राजकीय अर्थ यांचा विचार केला आहे.

१. गणवेशाची घडण

स्काउट गणवेश इंग्लंडमध्ये तयार झाला आणि तेथून भारतात आला, ही सर्वसाधारण समजूत अर्धसत्य आहे. या गणवेशाचे काही महत्त्वाचे घटक भारतातून किंवा आफ्रिकेतून इंग्लंडमध्ये गेले होते.

खाकी रंगाचे उदाहरण सर्वांत स्पष्ट आहे. 'खाक' म्हणजे धूळ, माती. 'खाकी' म्हणजे मातीच्या रंगाचा. १८४६ मध्ये पेशावर येथे हॅरी लम्सडेन याने 'गाइड्स' या सैन्यदलाची उभारणी केली. या दलाच्या वेषातून खाकीचा ब्रिटिश सैन्यव्यवहारात प्रवेश झाला. वायव्य सरहद्दीवरील उघड्या, धुळकट डोंगरांत लाल डगला दुरून नजरेत भरे आणि मातीचा रंग मातीत मिसळून जाई. पुढील अर्धशतकात हा रंग भारतातील सैन्याचा आणि नंतर समुद्रापलीकडे लढणाऱ्या साऱ्या ब्रिटिश सैन्याचा झाला. बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश सैनिक खाकीतच लढले. त्या युद्धातील माफेकिंगच्या २१७ दिवसांच्या वेढ्याने प्रसिद्धी पावलेला सेनाधिकारी म्हणजे रॉबर्ट बेडन-पॉवेल (१८५७–१९४१). वेढ्याच्या काळात निरोप पोचविणे, पहारा देणे अशी कामे करणाऱ्या मुलांचे एक दल माफेकिंगमध्ये होते आणि त्यांचा वेषही खाकी होता.

बेडन-पॉवेलचा भारताशी संबंध जुना होता. १८७६ मध्ये तेराव्या हुसार्स पलटणीतील तरुण अधिकारी म्हणून तो प्रथम येथे आला. १८९७ ते १८९९ या काळात तो मीरत येथे पाचव्या ड्रॅगून गार्ड्सचा प्रमुख होता. टेहळणीचे शिक्षण पूर्ण करणाऱ्या सैनिकांना त्याने दंडावर लावण्यासाठी एक चिन्ह दिले. होकायंत्रावरील उत्तरदर्शक खुणेसारखे, तीन पाकळ्यांच्या लिलीचे हे चिन्ह पुढे जगभरच्या स्काउटांचे बोधचिन्ह झाले. मीरतच्या छावणीत शिकविलेल्या विषयांवरील त्याचे 'एड्स टू स्काउटिंग' हे लष्करी पुस्तक १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांसाठीच्या पुढील साऱ्या लेखनाचा पाया हेच पुस्तक होय.

रुंद, सपाट कडेच्या टोपीचा इतिहास मात्र आफ्रिकेचा आहे. १८९५–९६ मधील अशांती मोहिमेत (आजचा घाना देश) बेडन-पॉवेल ही टोपी वापरीत असे, आणि तेथील लोकांनी त्याला 'कांटांक्ये', म्हणजे मोठ्या टोपीवाला, असे नाव दिले होते. १८९६ च्या माटाबेले मोहिमेत फ्रेडरिक रसेल बर्नहॅम या अमेरिकन टेहळ्याचा सहवास त्याला लाभला आणि अमेरिकेच्या पश्चिम भागातील रानावनात वावरणाऱ्यांची विद्या व वेष यांचे आकर्षण वाढले. १९०० मध्ये त्याने उभारलेल्या दक्षिण आफ्रिकी पोलीसदलाच्या गणवेशात ही टोपी अधिकृतपणे आली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावरील प्रायोगिक शिबिर झाले आणि १९०८ मध्ये 'स्काउटिंग फॉर बॉइज' हे पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध झाले, तेव्हा या सर्व अनुभवांतून निवडलेला वेष मुलांसमोर ठेवण्यात आला.

त्या वेषातील प्रत्येक वस्तूला व्यावहारिक प्रयोजन होते. टोपीची कड ऊन-पाऊस अडवी आणि विस्तव फुलविण्यासाठी पंख्याचे काम करी. गळ्यातील रुमाल सोडला की जखमेला बांधायची झोळी होई. काठीवर फूट आणि इंच यांच्या खुणा असत. तिने ओढ्याची खोली मोजता येई, दोन काठ्या आणि दोन सदरे यांची डोली करता येई. अर्ध्या विजारीमुळे गुडघे उघडे राहत आणि चालणे मोकळे होई. याखेरीज श्रीमंत व गरीब मुलांमधील भेद वेषामुळे दिसू नये, हा हेतूही बेडन-पॉवेलने वारंवार सांगितला होता. इंग्लंडमधील वर्गभेदाच्या संदर्भात हा विचार पुरोगामी होता. भारतात तो कसोटीला लागला.

२. पहिली पथके आणि वगळलेली मुले

भारतातील पहिले स्काउट पथक १९०९ मध्ये बंगळूर येथे कॅप्टन टी. एच. बेकर यांनी स्थापन केले. पुढील एकदोन वर्षांत जबलपूर, मद्रास, लोणावळा, सिमला अशा ठिकाणी पथके निघाली. १९११ मध्ये जबलपूर येथेच मुलींचे पहिले गाइड पथक स्थापन झाले. या ठिकाणांची नावे पाहिली, की त्यामागचे सूत्र ध्यानात येते. छावण्या, रेल्वेच्या वसाहती आणि थंड हवेची ठिकाणे येथे युरोपियन व अँग्लो-इंडियन कुटुंबे राहत, आणि ही पथके त्यांच्याच मुलांसाठी होती. भारतीय मुलांना त्यांत प्रवेश नव्हता.

यामागे वंशश्रेष्ठत्वाची भावना होतीच. परंतु राजकीय भयही तितकेच होते. १९०५ नंतरच्या बंगालमध्ये समित्या आणि आखाडे यांतून क्रांतिकारक तयार होत आहेत, असे सरकारचे मत होते. माग काढणे, लपून निरीक्षण करणे, सांकेतिक खुणांनी निरोप देणे, नकाशा वाचणे ही बालवीरांच्या अभ्यासक्रमातील कौशल्ये अशा तरुणांच्या हाती द्यावीत काय, असा प्रश्न अधिकाऱ्यांना पडला. कॅरी वॅट यांनी या काळाचा अभ्यास करताना चारित्र्यघडणीचे आश्वासन आणि राजद्रोहाची भीती या दोन टोकांमध्ये सापडलेल्या सरकारी धोरणाचे चित्र रेखाटले आहे. इंग्लंडमध्ये १९१२ च्या राजसनदेने स्काउट संघटनेचे नाव, चिन्हे आणि गणवेश यांना संरक्षण मिळाले होते. त्यामुळे मान्यता नसलेल्या पथकाने हा वेष घालणे याला हक्काच्या उल्लंघनाचे स्वरूप आले. भारतात गणवेश हा समतेऐवजी प्रवेशबंदीचा दर्शक बनला.

या बंदीतील विसंगती साहित्याच्या अभ्यासकांना विशेष जाणवेल. रड्यर्ड किपलिंगच्या 'किम' (१९०१) या कादंबरीतील स्मरणशक्तीचा खेळ बालवीरांच्या शिक्षणाचा भाग होता. १९१६ मध्ये लहान मुलांसाठी जी 'वुल्फ कब' शाखा निघाली, तिचा सारा कल्पनाव्यूह 'जंगल बुक'वर उभा होता. पिवळ्या किनारीची हिरवी टोपी घातलेली इंग्लंडमधील मुले अकेला, बल्लू, बघीरा ही नावे उच्चारीत आणि मध्य प्रांतातील सिवनीच्या जंगलात मनाने वावरत. ज्या भूमीतून ही नावे गेली, तेथील मुलांना मात्र चळवळीचे दार अजून पुरते उघडले नव्हते.

हे दार भारतीयांनी स्वतः ढकलले. १९१३ मध्ये मध्य प्रांतात व्हिव्हियन बोस यांनी भारतीय मुलांसाठी काम सुरू केले. नागपूरशी निगडित असलेले हे कायदेपंडित पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि स्वतंत्र भारतातील बालवीर संघटनेतही त्यांनी प्रमुख जबाबदारी सांभाळली. संयुक्त प्रांतात शाहजहानपूर येथे श्रीराम बाजपेयी यांनी त्याच सुमारास मुलांचे पथक उभारले. बंगालमध्येही १९१५–१६ च्या सुमारास भारतीय मुलांची पथके दिसू लागली.

३. पागोट्याचा प्रवेश

मद्रास येथे १९१६–१७ मध्ये अॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी 'इंडियन बॉय स्काउट्स असोसिएशन' ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. हा होमरूल चळवळीचा काळ होता. जून १९१७ मध्ये या दोघांना बी. पी. वाडिया यांच्यासह सरकारने स्थानबद्ध केले. सप्टेंबरमध्ये सुटका झाल्यावर त्याच वर्षअखेर बेझंट कलकत्ता काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. अशा नेतृत्वाखालील बालवीर भारतीय गीते आणि 'वंदे मातरम्' म्हणत. त्यांनी बेडन-पॉवेलच्या योजनेतील बहुतेक सर्व गोष्टी स्वीकारल्या होत्या. मात्र रुंद कडेच्या टोपीऐवजी त्यांच्या डोक्यावर भारतीय पागोटे होते.

हा बदल वरवरचा नव्हता. भारतीय समाजात शिरोभूषण हे प्रतिष्ठेचे, जातीचे, व्यवसायाचे आणि प्रदेशाचे दर्शक होते. एकट्या मराठीत पगडी, पागोटे, फेटा, पटका, मुंडासे, रुमाल, टोपी असे शब्द आहेत आणि प्रत्येकाची सामाजिक छटा वेगळी आहे. पागोटे उतरविणे हा मानभंग समजला जाई. याउलट मराठेशाहीच्या कागदपत्रांत युरोपियनांसाठी 'टोपीकर' असा शब्द येतो. म्हणजे रुंद टोपी ही परकीयाची पहिली खूण होती. बर्नार्ड कोहन यांनी वसाहतकालीन वस्त्रांवरील लेखनात दाखविल्याप्रमाणे, कोणी कोणते शिरोभूषण घालावे आणि कोणासमोर काय उतरवावे, हा ब्रिटिश राजवटीतील अधिकारसंबंधांचा प्रश्न होता. अशा समाजात भारतीय मुलाच्या डोक्यावर टोपीकरांची टोपी ठेवणे आणि तिच्या जागी पागोटे बांधणे या दोन्ही कृती सारख्याच बोलक्या होत्या. बेझंटबाईंच्या बालवीरांनी गणवेश झिडकारला नाही, त्याचा अर्थ बदलला. गण जगाचा, पण वेष आपला, अशी ही भूमिका होती.

या निवडीला व्यवहाराचीही बाजू होती. स्काउटची टोपी लोकर किंवा प्राण्यांचे केस दाबून केलेल्या फेल्टची असे. तिची कड सपाट राहावी म्हणून ओले फडके ठेवून इस्त्री करावी लागे. सततच्या पावसात ती लोंबू लागे. पागोट्याचे कापड कोणत्याही बाजारात मिळे, घरी धुता येई आणि प्रसंगी दोर किंवा पट्टी म्हणूनही वापरता येई. उपयुक्तता हा गणवेशाचा निकष मानला, तर पागोटे त्या निकषावर टोपीपेक्षा उणे नव्हते.

१९१८ मध्ये अलाहाबाद येथे मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांच्या पुढाकाराने 'सेवा समिती स्काउट असोसिएशन' स्थापन झाली. जत्रा, पूर, साथी यांत मदत करण्याची सेवा समितीची परंपरा तिच्या पाठीशी होती. येथे वादाचा विषय डोक्यावरून मनाकडे, म्हणजे शिरोभूषणावरून प्रतिज्ञेकडे सरकला. राजनिष्ठेची शपथ घ्यावी की देशनिष्ठेची, हा तो प्रश्न होता.

४. १९२१ ची तडजोड

१९२१ च्या आरंभी बेडन-पॉवेल भारतात आला. असहकाराच्या चळवळीने देश ढवळून निघालेला होता. भारतीय मुलांना दूर ठेवल्यास ती अन्य संघटनांकडे जातील, हे आता सरकारलाही पटले होते. या भेटीत बेझंट यांची संघटना मूळ 'बॉय स्काउट्स असोसिएशन'मध्ये विलीन झाली आणि व्हाइसरॉय हा भारतातील चीफ स्काउट ठरला. सेवा समिती मात्र स्वतंत्र राहिली. प्रतिज्ञेतील राजनिष्ठेचा मुद्दा तिला ओलांडता आला नाही.

या तडजोडीत गणवेशाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट घडली. एकाच संघटनेत टोपी आणि पागोटे या दोहोंना जागा मिळाली. १९२९ मध्ये इंग्लंडमधील अॅरो पार्क येथे भरलेल्या जागतिक मेळाव्यात भारतीय बालवीर गेले. अशा मेळाव्यांच्या छायाचित्रांत रुंद टोप्यांच्या रांगांमध्ये पागोटी उठून दिसतात. साम्राज्याच्या दृष्टीने हे विविधतेचे शोभिवंत प्रदर्शन होते. भारतीय मुलाच्या दृष्टीने ती बरोबरीची खूण होती. एकच छायाचित्र दोन विरुद्ध अर्थ धारण करू शकते, याचे हे चांगले उदाहरण होय.

५. खाकीची गर्दी

१९२० नंतरची दोन दशके भारतात गणवेशांची दशके होती. डॉ. ना. सु. हर्डीकर यांनी १९२३ मध्ये हिंदुस्थानी सेवा दल उभारले. १९२५ मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आरंभीच्या गणवेशात खाकी सदरा आणि खाकी अर्धी विजार होती. वायव्य सरहद्द प्रांतात १९२९ पासून खुदाई खिदमतगारांचे लाल सदरे दिसू लागले, तर १९३१ मध्ये निघालेल्या खाकसार चळवळीने पुन्हा खाकीच निवडली. या संघटनांचे विचार परस्परांहून भिन्न, प्रसंगी विरोधी होते. तथापि शिस्तबद्ध रांग, ठरावीक वेष आणि सेवेची प्रतिज्ञा ही त्या सर्वांची समान परिभाषा होती. बालवीरांचा गणवेश या परिभाषेचा एकमेव स्रोत नव्हता; लष्कर व पोलीस यांचा ठसाही तितकाच होता. मात्र शाळकरी मुलाने गणवेश घालून सार्वजनिक कार्यात उतरावे, ही कल्पना सर्वसामान्य कुटुंबांत रुळविण्याचे श्रेय बालवीर चळवळीला बऱ्याच अंशी द्यावे लागते.

मराठीने या काळात चळवळीला आपली परिभाषा दिली. 'स्काउट' म्हणजे टेहळ्या. पण मराठीने त्याला 'बालवीर' म्हटले आणि 'गाइड'ला 'वीरबाला'. हिंदीने 'बालचर' हा मुळाशी जवळचा शब्द निवडला. हेरगिरीचा किंवा टेहळणीचा अर्थ बाजूला सारून मराठी शब्दाने शौर्याचा अर्थ पुढे आणला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

सरकारची अस्वस्थता मात्र संपली नव्हती. ऑगस्ट १९४० मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लष्करी स्वरूपाची कवायत आणि लष्करी वेषाशी साम्य असलेले गणवेश यांवर बंदी घालण्यात आली. संघाच्या सदऱ्याचा रंग त्याच वर्षी पांढरा झाला. पेशावरच्या धुळीतून निघालेला रंग साम्राज्याने जगभर नेला आणि अखेरीस आपल्याच प्रजेच्या अंगावर त्याची धास्ती घेतली.

६. दुरावा आणि एकीकरण

१९३७ मध्ये दिल्ली येथे अखिल भारतीय मेळावा भरला आणि वृद्ध बेडन-पॉवेल त्यास उपस्थित राहिला. त्यानंतर भारतीयांच्या चारित्र्याविषयी त्याने केलेली अवमानकारक विधाने प्रसिद्ध झाली आणि देशभर संताप उसळला. अनेकांनी मूळ संघटनेशी संबंध तोडला. १९३८ मध्ये सेवा समितीसह विविध गट एकत्र येऊन 'हिंदुस्थान स्काउट असोसिएशन' निर्माण झाली. ज्या पुरुषाने गणवेशातून भेद मिटविण्याची भाषा केली, त्यानेच भेदाची भाषा बोलावी, याचे दुःख त्याचा वेष निष्ठेने घालणाऱ्या भारतीय शिक्षकांना आणि मुलांना अधिक झाले असल्यास नवल नाही.

स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा, कुंझरू, बाजपेयी, बोस यांच्या प्रयत्नांनी ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काउट्स अँड गाइड्स' ही एकत्रित संघटना अस्तित्वात आली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाइड संघटनाही तीत सामील झाली. नव्या बोधचिन्हात स्काउटांची लिली, गाइडांचे त्रिदल आणि मध्यभागी अशोकचक्र एकत्र आले. पुढे खाकी गेली. करडा सदरा आणि गडद निळी विजार आली. रुंद टोपीची जागा निळ्या बेरे टोपीने घेतली आणि शीख बालवीरांसाठी पगडी कायम राहिली. स्त्री-शिक्षिकांसाठी साडी, मुलींसाठी सलवार-कमीज अशी रूपे मान्य झाली. इंग्लंडमध्येही १९६६ च्या अहवालानंतर रुंद टोपी आणि अर्धी विजार मागे पडली होती. त्यामुळे टोपीचा अस्त हा केवळ स्वदेशीचा विजय मानता येत नाही. तो बदलत्या काळाचाही परिणाम होता.

७. साधन म्हणून गणवेश

शाळांच्या जुन्या वार्षिकांत आणि घरोघरच्या संग्रहांत बालवीरांची अनेक छायाचित्रे पडून आहेत. त्यांवर बहुधा तारीख नसते. अशा वेळी गणवेश हेच इतिहासाचे साधन ठरते. बोधचिन्हात अशोकचक्र असल्यास छायाचित्र १९५० नंतरचे. नुसती लिली असल्यास बहुधा आधीचे. खांद्यावरील रंगीत फितींवरून मुलाची तुकडी कळते, रुमालाच्या रंगावरून पथक कळते. एकाच पथकात काहींच्या डोक्यावर टोपी, काहींच्या पागोटे आणि काहींचे डोके उघडे असेल, तर तेथील सामाजिक मिश्रणाचा व आर्थिक स्थितीचा अंदाज बांधता येतो. अनवाणी पायांचे बालवीर हे नियमपुस्तकात न सापडणारे वास्तव आहे. नियमपुस्तक काय घालावे ते सांगते, छायाचित्र काय घालता आले ते दाखविते.

८. समारोप

जुना गणवेश पुन्हा घालण्याची आवड अनेक देशांत दिसते. इंग्लंडमध्ये १९७० मध्ये जुन्या पद्धतीच्या अनुयायांनी वेगळी संघटना काढून पारंपरिक वेष राखला. २००७ मध्ये चळवळीची शताब्दी झाली, तेव्हा जुन्या टोप्या आणि काठ्या पुन्हा बाहेर निघाल्या. इंग्लंडमध्ये अशा वेषाला गतकाळाविषयीच्या हळुवार स्मृतीचे रूप येणे स्वाभाविक आहे. भारतात तो प्रश्न इतका सरळ नाही. येथे 'पारंपरिक' गणवेश म्हणजे नेमका कोणता? १९०९ मधील बंगळूरच्या पथकाचा वेष पारंपरिक मानला, तर त्या परंपरेत भारतीय मुलाला स्थानच नव्हते. १९१७ मधील मद्रासच्या पथकाचा वेष मानला, तर ती परंपरा पागोट्याची आहे.

इतिहासाच्या दृष्टीने दोहोंपैकी एक निवडण्याचे कारण नाही. टोपी आणि पागोटे एकाच रांगेत उभी राहिली, हीच भारतातील बालवीर चळवळीची खरी परंपरा होय. ती कोणी आयती दिली नाही. बोस, बाजपेयी, बेझंट, कुंझरू यांच्यासारख्यांनी आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या हजारो मुलांनी ती मिळविली. एकरूप न होता एका गणाचे होता येते, हे या मुलांच्या वेषाने दाखवून दिले. 'गणवेश' या मराठी शब्दाने जो अर्थ आपल्यात सामावून घेतला आहे, तो याहून निराळा नाही.